तुकडा न तपासताच डोळा काढायचा?

प्रश्न : माझी नात पावणेदोन वर्षांची. दिवाळीच्या फोटोंत तिची उजवी बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकली. मिरजेत भूल देऊन तपासलं. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कर्करोग आहे, डोळा काढावा लागेल, म्हणतात. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला नाही. हे बरोबर आहे का?
– एक आजोबा, तासगाव

उत्तर : शंका रास्त आहे, बहुतेक गाठींचं निदान तुकडा तपासूनच पक्कं होतं. इथे मात्र डॉक्टरांनी सुई घातली नाही हे योग्यच केलं. द्राक्षाच्या मण्याला टाचणी टोचली की रस झिरपतो, तशा गाठीच्या पेशी सुईच्या वाटेने खोबणीत उतरतात आणि डोळ्यापुरता आजार बाहेर पडतो. म्हणून बाहुली मोठी करून पडदा बघतात, सोनोग्राफीत गाठीतले चुन्याचे कण शोधतात. एमआरआयमध्ये डोळ्यामागून मेंदूकडे जाणारी नस आणि मेंदू दिसतो. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात, कारण दोष आनुवंशिक असेल तर किरणांमुळे पुढे दुसऱ्या कर्करोगाचा धोका वाढतो.

गाठ लहान असेल तर केमो, लेझर किंवा गोठवण्याच्या उपचाराने डोळा राखता येतो. तेव्हा ‘ए ते ई यांपैकी गट कोणता?’ हे स्पष्ट विचारा (‘ए’ म्हणजे सर्वांत लहान, ‘ई’ म्हणजे सर्वांत वाढलेला आजार). ‘ई’ असेल, नजर परतण्याची आशा नसेल, तर थांबू नका. झाडपाल्यात गेलेले आठवडे फार महाग पडतात.

ऑपरेशनमध्ये डोळ्याचा गोळा न फोडता अख्खा काढतात. खरी कसोटी मागच्या नसेची : ती गोळ्यासोबत किमान 10, जमल्यास 15 मिलिमीटर यायला हवी. रिकाम्या जागी साधारण 18 ते 20 मिलिमीटरचा गोल बसवून स्नायू त्यावर शिवतात. कृत्रिम डोळा 6 ते 8 आठवड्यांनी बसतो. तपासणी खरी आता होते, अख्ख्या डोळ्याची. रिपोर्टमध्ये ‘नसेचं कापलेलं टोक’ ही ओळ स्वतः वाचा. तिथे पेशी असतील तर काही आजार मागे राहिला असं धरून केमो आणि रेडिएशन द्यावं लागतं.

डावा डोळाही ठरलेल्या तारखांना तपासायचाच. दोष आनुवंशिक आहे का हे कळण्यासाठी रक्तातून आरबी-1 या जनुकाची चाचणी करून घ्या. तिला धाकटं भावंड झालं, तर फोटोत चमक दिसायची वाट न पाहता जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच त्याचा पडदा तपासून घ्या.