सातबारावर इकरार, नजरगहाण आणि जुनी मुदत खरेदी: जमीन घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जी शेतजमीन घ्यायची आहे ती विक्रेत्याच्या वडिलांना १९९८ साली मुदत खरेदीने (ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले की जमीन परत, अशा अटीच्या खरेदीने) मिळाली. आज सातबाराच्या 'इतर अधिकार'मध्ये विकास सोसायटीचा इकरार (पीककर्जासाठी जमिनीवर लिहून दिलेला बोजा) आणि एका सहकारी बँकेचं नजरगहाण (ताबा न देता केलेलं गहाण) दिसतंय. एजंट म्हणतो, "बोजा काय, खरेदीनंतरही उतरवता येतो." शिवाय लिन म्हणजे नक्की काय, हेही तुम्ही विचारलंय.

एजंटाचं ऐकू नका. सगळ्या नोंदी एकाच रकान्यात असतात म्हणून सारख्याच वाटतात. पण प्रत्येकीमागचा कायदा वेगळा आणि ती उतरवणारा कागदही वेगळा.

सोसायटीच्या इकराराची रक्कम बहुधा छोटी असते, म्हणून लोक त्याकडे काणाडोळा करतात. माझ्या मते तुमच्या सातबारावरची सगळ्यात तातडीची नोंद हीच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे सभासदाने पीककर्जासाठी जमिनीवर बोजा लिहून दिला, की ते कर्ज व्याजासह फिटेपर्यंत त्याला ती जमीन विकता येत नाही. विकली तर तो व्यवहारच रद्दबातल. गहाण जमिनीची खरेदी निदान टिकते, घेणाऱ्याच्या गळ्यात गहाण पडतं इतकंच. इथे खरेदीच टिकत नाही. तेव्हा सोसायटीचा बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार खरेदीखताच्या आधी हातात हवा.

नजरगहाणात ताबा मालकाकडेच राहतो. शेतजमिनीला बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा सरफेसी कायदा लागू नाही (त्याचं कलम ३१), म्हणून ६० दिवसांची नोटीस देऊन थेट ताबा घेण्याचा रस्ता बँकेला इथे नाही. पण सहकारी बँक असल्यामुळे सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून जप्ती आणि लिलाव करता येतो. तो दाखला निघालाय का, हे बँकेकडून लेखी घ्या.

आता १९९८ ची मुदत खरेदी. ही नोंद सातबारावर आता बोजा म्हणून दिसत नाही, पण मी असतो तर सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर घालवला असता. सावकारीच्या व्यवहारात गरजू माणूस पैसे घ्यायचा, बदल्यात खरेदीखत लिहून द्यायचा आणि ठरलेल्या मुदतीत पैसे परत केले की जमीन परत, अशी अट असायची. ही खरी विक्री की गहाण, हे मथळ्यावरून ठरत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(क) प्रमाणे परत देण्याची अट त्याच खरेदीखतात नसेल, वेगळ्या कागदावर असेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. अट त्याच दस्तात असेल तर तो गहाण असण्याची शक्यता मोठी. मग किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी होती का, ताबा कोणाकडे राहिला, हे सगळं कोर्ट बघतं.

आणि गहाण ठरलं तर मुदत टळली म्हणून मालकी जात नाही. गहाण सोडवायला ३० वर्षांची मुदत आहे, तीही सोडवण्याचा हक्क उत्पन्न झाल्यापासून. समजा अट पाच वर्षांची होती, तर हक्क २००३ साली आला आणि मूळ मालकाचे वारस २०३३ पर्यंत दावा लावू शकतात. विक्रेता "आमची वहिवाट पंचवीस वर्षांची" म्हणेल. गहाण घेणाऱ्याच्या वहिवाटीने गहाण संपत नाही.

लिनचं लवकर आटोपतो. वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याने आपले पैसे मिळेपर्यंत ती अडवून धरायची, हा लिन. गॅरेजवाला दुरुस्तीचं बिल फिटेपर्यंत गाडी सोडत नाही, तो करार कायद्याच्या कलम १७० चा. बँकेला कलम १७१ चा व्यापक लिन असतो. म्हणून कधी सोनेतारण फिटूनही दुसऱ्या थकबाकीपायी दागिने अडकतात. ताबा सोडला की हा हक्क सहसा संपतो. तुमच्या जमिनीशी जवळचा प्रकार एकच: विक्रेत्याची पूर्ण किंमत न देताच मालकी हस्तांतरित झाली, तर बाकी रकमेपुरता त्याचा बोजा जमिनीवर राहतो आणि त्याची माहिती असलेल्या पुढच्या खरेदीदारालाही तो बांधतो. जुन्या खरेदीखतात पुढच्या तारखांचे चेक दिसले, तर ते वटले का विचारा.

कोरा सातबारा दिसला तरी काम संपत नाही. मूळ कागद बँकेत ठेवून केलेल्या गहाणाला नोंदणीकृत गहाणखत लागत नाही. महाराष्ट्रात त्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांत द्यावी लागते, म्हणून इंडेक्स टूचा (तिथे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचा) सर्च घ्या. सेरसाईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर थोडी फी भरून शोध घेता येतो, तोही घ्या. आणि विक्रेत्याला मूळ खरेदीखत दाखवायला सांगा. तो फक्त प्रमाणित नकला पुढे करत असेल तर तिथेच थांबा. कोर्टाची जप्ती आहे का, तेही वकिलाकडून बघून घ्या. जप्तीनंतरची खासगी विक्री जप्ती आणणाऱ्या धनकोपुढे चालत नाही.

पैसे देताना सोसायटी आणि बँकेची रक्कम विक्रेत्याच्या हातात देऊ नका. दोघांकडून आजच्या तारखेचं येणे लेखी घ्या, चेक थेट त्यांच्या नावे काढा आणि विसारपावतीत तसं लिहून घ्या.

१९९८ च्या खरेदीखताची प्रत मिळाली की नावं झाकून अटीचा परिच्छेद इथे टाका. तो वाचल्याशिवाय घ्या किंवा घेऊ नका, असं मी सांगणार नाही.