हॉब्सनचा घोडा

‘कर्ज काढावं की जमीन विकावी, असा हॉब्सन्स चॉइस शेतकऱ्यापुढे आहे’ हे वाक्य पाठवून एकांनी विचारलंय, की याचा अर्थ ‘इकडे आड, तिकडे विहीर’ असाच ना?

नाही. पण हा घोळ इतका रुळलाय, की इंग्रजी लिहिणारेही सर्रास करतात.

थॉमस हॉब्सन हा केंब्रिजचा माणूस. केंब्रिज ते लंडन सामान आणि पत्रं पोचवणं हा त्याचा धंदा, जोडीला घोडे भाड्यानं द्यायचे. गिऱ्हाईक बहुतेक विद्यापीठातली पोरं. ती घोडे दामटायची आणि चांगल्या घोड्यांवरच सगळ्यांचा डोळा, म्हणजे तेच घोडे मरेस्तोवर राबणार. म्हणून हॉब्सननं पाळी लावली. तबेल्यात चाळीसेक घोडे दिसत असले तरी दाराशी उभा असेल तोच मिळणार. नको असेल तर पायी जा. रेल्वे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांचा कायदा तरी दुसरा काय असतो? रांगेतल्या पहिल्या रिक्षात बसायचं. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकानं 1712 मध्ये हा किस्सा छापला, तोवर हॉब्सनला जाऊन ऐंशी वर्षं उलटली होती. तो 1631 च्या पहिल्या दिवशी वारला. प्लेगमुळे लंडनच्या फेऱ्या बंद पडल्या होत्या, त्या काळात तो आजारी पडला. तेव्हा केंब्रिजात शिकत असलेल्या कवी मिल्टननं त्याच्यावर दोन कविता केल्या, आणि त्या चक्क विनोदी आहेत: गडी हिंडता होता तोवर मृत्यूच्या हाती लागत नव्हता, घरी बसला आणि सापडला!

तर अर्थाची मेख अशी, की इथे दोन वाईट पर्याय नसतातच. एकच असतो, तो घ्या नाहीतर चालू लागा. मोबाइलवर एखादं ॲप उघडलं की पानभर अटी येतात आणि खाली ‘मान्य आहे’ हे बटण. एकही अट खोडता येत नाही. दाबा, नाहीतर ॲप वापरू नका. हा अस्सल हॉब्सन्स चॉइस. बँकेचा छापील करारनामाही त्यातलाच.

कर्ज की जमीन, हा मात्र पेच आहे. तिथे ‘इकडे आड, तिकडे विहीर’च लिहावं, ते जास्त नेमकं आहे आणि शेतकऱ्याच्या तोंडी शोभतंही. हॉब्सन हवाच असेल, तर वाक्य असं करा: ‘व्यापारी सांगेल त्या भावाला माल द्या, नाहीतर घरी न्या, असा हॉब्सन्स चॉइस शेतकऱ्यापुढे आहे.’