सुरुवात ओटो रँकपासून कर

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली मास्टर्स) पहिल्याच वर्षी फ्रॉइडपासून वेगळे झालेले त्याचे सहकारी हा विषय घेतलास, मस्त. फक्त फ्रॉइडशी (मनोविश्लेषणाचा जनक) कोण कधी भांडलं याची यादी पाठ करत बसू नकोस, नवीन लोक तिथेच अडकतात, माझेही दोन महिने त्यात गेले.

एकच माणूस धर, ओटो रँक. 1906 पासून फ्रॉइडच्या व्हिएन्नातल्या मंडळाचा सेक्रेटरी, अगदी घरातला म्हणावा असा, आणि 1924 ला जन्माच्या आघातावर पुस्तक लिहिलं तेव्हापासून फाटत गेलं. पण खरी गंमत पुढे अमेरिकेत आहे. जेसी टॅफ्ट ही सोशल वर्कर रँककडे शिकली, मग तिने आणि व्हर्जिनिया रॉबिन्सनने पेनसिल्व्हेनियाच्या सोशल वर्क स्कूलमध्ये फंक्शनल केसवर्क (एकेका व्यक्तीसोबत काम करण्याची एक पद्धत) उभं केलं. म्हणजे क्लायंटवर निदानाचा शिक्का मारायचा नाही, एजन्सी (मदत देणारी संस्था) काय देऊ शकते आणि किती वेळ ते आधीच सांगायचं, त्या चौकटीत काय करायचं ते क्लायंटने ठरवायचं. वेळेची मर्यादा हीच मदत! (हे मला पटायलाच वर्ष लागलं.) 1936 ला मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने रँकला अमेरिकेतल्या रॉचेस्टरला बोलावलं होतं, रॉजर्सच्या क्लायंट-सेंटर्ड थेरपीचं (क्लायंटला केंद्रस्थानी ठेवणारी थेरपी) एक मूळ तिथे सापडतं.

दोन चुका टाळ:
- अ‍ॅडलर, युंग (हेही फ्रॉइडपासून फुटलेले) आणि रँक एकाच गाठोड्यात बांधणं. अ‍ॅडलर 1911 लाच बाहेर पडला, त्याचा भर माणसाच्या समाजातल्या जागेवर.
- 'फ्रॉइड चूक, हे बरोबर' टाइप निबंध.

फेरेन्झी (फ्रॉइडचा आणखी एक सहकारी) सध्या राहू दे. आणि आधी टॅफ्ट वाच, मग रँक, कारण रँकचं लिखाण फार जड जातं.