झेल पुरा कधी, झेंडा कधी?

प्रश्न : अमेरिकन फुटबॉल हल्लीच पाहायला लागलो आहे. एनएफएलच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) एका सामन्यात रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूने, दोन्ही हातांनी चेंडू पकडला, पण जमिनीवर आपटताच तो निसटला आणि पंचांनी पास अपूर्ण ठरवला. पुढच्याच पासच्या वेळी बचावपटूचा हात रिसीव्हरला लागला म्हणून पंचांचा पिवळा झेंडा (नियमभंगाची खूण) पडला आणि एकदम चाळीस यार्ड बहाल! पंच हे ठरवतात तरी कसं?

उत्तर : आधी झेल. चेंडूवर पक्का ताबा हवा आणि ताबा असताना दोन्ही पाय, किंवा हात सोडून शरीराचा दुसरा एखादा भाग, मैदानाच्या आत टेकायला हवा. त्यानंतर तिसरं पाऊल टाकणं, चेंडू पुढे सरकवणं अशी काही कृती हवी, निदान ती करता येईल इतका वेळ तरी चेंडू हातात राहायला हवा. तुमचा रिसीव्हर या शेवटच्या अटीत अडकला असणार.

ही अट आजच्या रूपात आली २०१८ मध्ये. त्याआधी पडणाऱ्या खेळाडूला जमिनीवर आदळूनही चेंडू सांभाळावा लागे. जानेवारी २०१५ मध्ये ग्रीन बेच्या मैदानावर डॅलसच्या डेझ ब्रायंटने उंच उडी मारून चेंडू घेतला, पावलं टाकली, गोलरेषेकडे झेप घेतली आणि आपटताना चेंडू हलला. मैदानावरच्या पंचांनी झेल दिला होता, रिप्लेनंतर तो काढून घेतला गेला. आजच्या नियमाने तो झेलच ठरला असता, असं माझं ठाम मत आहे.

आता झेंडा. नुसता हात लागणं गुन्हा नाही. चेंडू पोहोचण्याआधी रिसीव्हरला खरोखर अडवलं का, हे पंच पाहतात. बचावपटूची मान चेंडूकडे वळलेली असेल आणि दोघंही चेंडूसाठीच झटत असतील, तर धडक माफ. पण चेंडूकडे न बघता त्याने कंबरेला हात घालून रिसीव्हरला फिरवलं किंवा त्याचा दंड दाबून धरला, की झेंडा पडतो. चेंडू आवाक्याबाहेरच असेल किंवा वाटेत कुणाचा हात लागून गेला असेल, तर हा गुन्हा लागू होत नाही.

चाळीस यार्ड मिळाले, कारण एनएफएलमध्ये जिथे गुन्हा तिथे चेंडू ठेवतात, वर नवा पहिला डाउन (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांतला पहिला). कॉलेज फुटबॉलमध्ये कमाल १५ यार्ड. मला एनएफएलची शिक्षा योग्य वाटते. नाहीतर मागे पडलेला प्रत्येक बचावपटू समोरच्याला सरळ धरून ठेवेल, पंधरा यार्डांत सुटका होत असेल तर का नाही?

जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रिसीव्हरला चेंडू येण्याआधीच लॉस अँजेलिसच्या बचावपटूने उडवलं, तरी झेंडा पडला नाही. त्या संतापातून हा निर्णयही रिप्लेवर तपासायची सोय २०१९ च्या हंगामात झाली आणि एका हंगामातच गुंडाळली गेली. संथ चित्रात साधा स्पर्शही ढकलल्यासारखा दिसतो. असा निर्णय खेळाच्या खऱ्या वेगातच घ्यायला हवा, म्हणून पुढच्या सामन्यात पास हवेत असताना चेंडू सोडून बचावपटूची मान आणि हात बघा.