भारत, ब्राझील आणि तुझा लघुप्रबंध

प्रिय विद्यार्थिनी,

एम.ए. अर्थशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी तू ‘भारत व ब्राझील यांचा उच्च शिक्षणावरील सरकारी खर्च’ हा विषय निवडलास. मार्गदर्शकांना आवाका मोठा वाटतो आणि बाबा विचारतात, यातून नोकरी कुठली मिळणार? दोघांचंही रास्त आहे, तरी विषय सोडू नकोस.

तुझ्या आराखड्यात जीडीपीच्या टक्केवारीचे दोन रकाने शेजारी मांडले आहेत. तेवढ्याने हाती फार काही लागणार नाही. आपल्याकडचा ६ टक्क्यांचा आकडा कोठारी शिक्षण आयोगापासून (१९६४-६६) चालत आला आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा आला. पण तो सगळ्या शिक्षणासाठी आहे आणि तेवढा खर्च करण्याचं बंधन कुठल्याच सरकारवर नाही. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत कलम २१२ मध्येच करउत्पन्नाचा किमान वाटा शिक्षणासाठी लिहून ठेवला: केंद्राने १८ टक्के, राज्यांनी आणि नगरपालिकांनी २५. पुढे २०१६ च्या घटनादुरुस्तीने केंद्रीय खर्चाला मर्यादा घातली, ती चौकट २०२३ मध्ये बदलली. साओ पाउलो राज्यात तर तिन्ही राज्य विद्यापीठांना आयसीएमएस या विक्रीकरासारख्या कराच्या उत्पन्नातल्या राज्याच्या वाट्याचे ९.५७ टक्के मिळतात. बाजार चालला की विद्यापीठाची तिजोरी भरते, मंदी आली की आटते. आपल्या विद्यापीठांना एकेका पदभरतीसाठी मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागते. मला वाटतं, तुझा खरा प्रश्न इथे आहे: पैसा कोण देतं आणि कुठल्या हक्काने?

दुसरी गोष्ट, खर्च एका जागी सापडत नाही. ब्राझीलची केंद्रीय विद्यापीठं शुल्क घेत नाहीत, पण तिथले तीन चतुर्थांशांहून जास्त विद्यार्थी खासगी संस्थांत शिकतात. ‘प्रोउनी’ योजनेत या संस्थांना करमाफी मिळते आणि त्या बदल्यात त्या शिष्यवृत्त्या देतात. हा पैसा खर्चाच्या बाजूला दिसतच नाही. महाराष्ट्रातही तसंच. विद्यापीठं व महाविद्यालयं लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याचा क्रमांक) २२०२ खाली, तंत्रशिक्षण २२०३ खाली, वैद्यकीय शिक्षण २२१० मध्ये, कृषी विद्यापीठं २४१५ मध्ये. शिष्यवृत्त्यांसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्या अनुदानाच्या मागण्याही (अर्थसंकल्पातले खर्चमंजुरीचे प्रस्ताव) चाळाव्या लागतील. फक्त उच्च व तंत्रशिक्षण विभागाची बेरीज केलीस, तर तुलना तिथेच फसेल.

म्हणून दोन देशांऐवजी दोन राज्यं घे: महाराष्ट्र आणि साओ पाउलो, गेली दहा वर्षं. मार्गदर्शकही राजी होतील असं वाटतं. तिकडची कागदपत्रं पोर्तुगीजमध्ये आहेत, पण अर्थसंकल्पाच्या तक्त्यांत तेच तेच शब्द येतात, तेवढे जमतील. पुढे गोडी लागलीच तर गोवा विद्यापीठात ही भाषा शिकवतात.

आता बाबांसाठी. अर्थसंकल्प लेखाशीर्षासकट वाचता येणारी माणसं कमी आहेत. हे जमलं, तर दिल्लीची एनआयपीएफपी (सार्वजनिक वित्तावर संशोधन करणारी संस्था) आणि नीपा (शैक्षणिक नियोजनाची संस्था), पुण्याची गोखले संस्था अशा ठिकाणी संशोधन सहायकाच्या जागांसाठी तुझा अर्ज वजनदार होईल. एम.ए. झाल्यावर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षाही देता येते. वयाची मर्यादा २१ ते ३० आहे. नेटचा (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास सोबत चालू ठेव, कारण प्राध्यापकभरतीच्या भरवशावर थांबणं मला आज योग्य वाटत नाही.

आधी २२०२ मधलं ‘विद्यापीठ व उच्च शिक्षण’ हे उप-मुख्य शीर्ष काढ, एका वर्षाचा तक्ता कर आणि तो घेऊन मार्गदर्शकांकडे जा.