घरदार: तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही कळव्याला राहतो, गाव मुरबाड तालुक्यात. तिथे आजोबांचं कुडाचं, म्हणजे काठ्यांवर माती लिंपलेल्या भिंतींचं घर आहे. आधी वर पेंढा होता, पण दरवर्षी शाकारायची कटकट नको म्हणून चार वर्षांपूर्वी काकांनी पत्रे टाकले. तेव्हापासून भिंती खालून झडतायत. गवंड्याने सिमेंट प्लास्टर करून दिलं, तेही एका पावसाळ्यात पापुद्र्यासारखं सुटलं. इतकी वर्षं ज्या भिंतीला काही झालं नाही तिला आत्ताच काय झालं? आणि दरवाजा इतका बुटका आहे की गणपतीत माझं डोकं तीनदा आपटलं. तो मोठा करून घेऊ का?
(एक वाचक, कळवा)

उत्तर: डोकं आपटणं आणि भिंत झडणं हे दोन प्रश्न नाहीयेत हो, एकच आहे.

पुढच्या वेळी गावी गेलात की अंगणात वाकून बघा, घराला समांतर बारीक खड्ड्यांची एक ओळ दिसेल, पागोळ्यांनी पाडलेली. ती भिंतीपासून किती लांब आहे ते टेपने मोजा. पेंढ्याचं छप्पर होतं तेव्हा पावळी, म्हणजे छपराची खालची कड, भिंतीच्या दोन-अडीच फूट पुढे यायची, म्हणजे पाणी पडायचं ते लांब. आता पत्रा महाग, म्हणून भिंतीच्या वीतभर पुढे आला की बस झालं असं सगळे करतात, आणि मग पत्र्याच्या प्रत्येक पन्हाळीतून धार लागते ती थेट जोत्याजवळ, तिचे शिंतोडे रोज त्याच हातभर भिंतीवर. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माती किती दिवस टिकणार? ठाण्याजवळ येऊरच्या एका पाड्यावर मी असंच घर बघितलंय, खालची माती धुऊन गेलेली आणि आतल्या कारवीच्या (हे एक जंगली झुडूप) काठ्या बरगड्यांसारख्या बाहेर आलेल्या, बोट घातलं तर सरळ आत चुलीपर्यंत उजेड.

बाकी भिंत कच्ची असली म्हणून घर कच्चं असतं असं नाही. छपराचा भार कुडावर नसतोच, तो असतो मेढींवर. मेढ म्हणजे वरच्या टोकाला नैसर्गिक बेळकं (दुभंगलेला फाटा) असलेला खांब, त्या बेळक्यात आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड बसवायचं, आढ्यावरून वासे सोडायचे, वाशांवर बांबूची कांबटं (चिरलेल्या पट्ट्या) बांधायची, एक खिळा लागत नाही. कूड नुसता पडदा, कारवी शेजारी शेजारी उभी करून आडव्या कांबटांना बांधलेली आणि दोन्हीकडून शेणमातीने लिंपलेली. फ्रेममध्ये मिळणाऱ्या वारली चित्राचा तो विटकरी रंग म्हणजे हीच भिंत, गेरूने सारवलेली, आणि वरची पांढरी रेघ तांदळाच्या पिठाची. (सिमेंटवर गेरूचा तो रंग तसा कधीच दिसत नाही, पण ते जाऊ दे.)

आता दरवाजा. पेंढा पाणी अडवत नाही, तो पाणी पळवतो. एका काडीवरचा थेंब खालच्या काडीवर, तिथून पुढच्या, असं करत करत पाणी पावळीपर्यंत जातं आणि फक्त वरचा थर भिजतो. त्यासाठी उतार चांगला ४५ अंशाच्या आसपास लागतो. एवढा तीव्र उतार, वर दोन-अडीच फूट पुढे आलेली पावळी, मग कड छातीएवढ्या उंचीवर येणारच, आणि तिच्याखालून जाणारा माणूस वाकणारच. वाकून गेलं की घराला नमस्कार होतो वगैरे जुनी माणसं सांगतात, ऐकायला छान वाटतं, पण खरं कारण उताराचा हिशोब. तेव्हा दरवाजाला हात लावू नका, उंच करायला गेलात तर पावळी कापावी लागेल आणि उरलीसुरली भिंतही जाईल.

एक सांगा, काकांनी चूलही बंद केली ना? धूर वर पेंढ्यातून झिरपत बाहेर जायचा आणि जाताना वाशांना काजळी फासून जायचा, त्यामुळे किडा सहज लागत नसे. गॅस आला की वर्षा-दोन वर्षांत वाशांखाली पिवळा भुसा पडायला लागतो. तोही बघून घ्या, टोकदार खिळा टोचून.

करायचं काय तर सिमेंट सगळं काढा, मातीवर ते धरत नाही आणि आत ओल कोंडून कारवी कुजवतं. परत शेण, माती, भाताचं तूस कालवून लिंपा. पत्रे दोन-अडीच फूट पुढे वाढवा, नाहीतर त्या बाजूला पडवी काढा. काठ्या बदलायच्या असतील तर कारवी आपल्या भागात आठ वर्षांनी एकदाच फुलते, २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. बी पडलं की झाड वाळतं आणि तीच वाळलेली काठी कुडाला वापरतात. मात्र येऊरच्या जंगलातून आणू म्हणाल तर तो नॅशनल पार्क आहे, तिथली काडीही उचलायची नाही. गावात जुनी साठवलेली असेल तर बघा, नाहीतर बांबूची कांबटं चालतील.

प्रश्न: नेरूळला रो हाऊस आहे. गच्चीवर रिसॉर्टसारखं पेंढ्याचं छप्पर करायचा विचार आहे. किती टिकेल?
(एक वाचक, नेरूळ)

उत्तर: रिसॉर्टवाले ते सतत बदलत असतात, तुम्हाला ते दिसत नाही इतकंच. भाताचा पेंढा म्हणजे दर मृगाआधी नवा थर, खाली चूल नाही म्हणजे किडा आणि उंदीर, त्यात दिवाळीला शेजारच्या बिल्डिंगमधून एक रॉकेट वाकडं आलं की झालं. सावलीच हवी असेल तर फेब्रुवारीत बांबूवर नारळाच्या झावळ्या मांडवासारख्या बांधा, आणि मे संपायच्या आत उतरवून टाका.