तरुण क्वार्टरबॅकवर विश्वास ठेवावा का?

प्रश्न : आम्ही मित्र रविवारी रात्री दादरला जमून अमेरिकन फुटबॉल पाहतो. आमच्या आवडत्या संघाचा नवखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू) वारंवार चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती देतो. तरी त्याचा आत्मविश्वास वाढतो आहे, असे निम्म्या मित्रांचे मत आहे. ते खरे मानावे का? (एक वाचक, दादर)

उत्तर : केवळ चुका मोजून निकाल देऊ नये, असे मला मनापासून वाटते. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने १९९८ च्या पहिल्याच हंगामात २८ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) दिली आणि त्याच्या इंडियानापोलिस कोल्ट्स संघाने १६ पैकी ३ सामने जिंकले; पुढच्याच वर्षी त्याच संघाने १३ जिंकले. आणखी एक क्वार्टरबॅक जॉश ॲलन, त्याच्या पूर्ण झालेल्या, म्हणजे सहकाऱ्याने झेललेल्या, पासचे प्रमाण २०१८ मधील ५२.८ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६९.२ टक्क्यांवर गेले.

येत्या रविवारी चेंडूपेक्षा त्या मुलाच्या पायांकडे पाहा. बचावपटू अंगावर धावून आले की बिचकलेला खेळाडू मागे सरकतो आणि त्याची नजर पहिल्याच सहकाऱ्यावर खिळून राहते; सावरलेला खेळाडू मात्र एक पाऊल पुढे टाकून दुसऱ्या, मग तिसऱ्या सहकाऱ्याचा शोध घेतो. हे दिसू लागले असेल, तर तुमच्या त्या निम्म्या मित्रांचे म्हणणे मला पटते.